हर्क राईची टीम

मोरेश्वर सरनाईक मूळचे कोल्हापूरचे, आणि कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल शिकवावा लागत नाही. तिथल्या पेठांतली पोरं चालायला लागली की बॉलला लाथ मारतात, आणि तालमीतालमींच्या मॅचवरून सख्खे मेहुणे वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे मोरेश्वर पीटीचे मास्तर झाले तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्यांनी भूतानची नोकरी पत्करली तेव्हा. त्या डोंगरी देशातल्या शाळांना मास्तर हवे होते आणि भारतातून ते जात होते. नवी नवरी शैलजा, दोन ट्रंका आणि हवा काढून घडी घातलेले काही बॉल एवढं घेऊन ते निघाले. जाताना आईला म्हणाले, दोन वर्षांत येतो. राहिले दहा वर्षं. लेक तिथंच जन्मली, म्हणून तिचं नाव हिमानी.

आता सर बहात्तरीत होते. शैलजाबाई गेल्यानंतर हिमानीनं त्यांना अमेरिकेत, एडिसनला, आपल्याकडे आणलं होतं. जावई अतुल भला माणूस होता, सकाळच्या गाडीनं न्यूयॉर्कला जायचा आणि दमून परत यायचा. नातू ईशान हायस्कूलला होता, सॉकर खेळायचा. सर त्याच्या मॅच बघायला जायचे, पण मन रमायचं नाही.

"बॉल आला की पोरगं आधी कोचकडे बघतं," ते हिमानीला म्हणायचे. "बॉलकडे कोण बघणार?"

"बाबा, त्याच्यासमोर नका हं म्हणू," हिमानी म्हणायची.

एका वसंतात ईशानच्या क्लबची टूर्नामेंट पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ होती. हिमानीनं पहाटेच गाडी काढली. एकाला एक लागून मैदानं, प्रत्येकावर मॅच, आणि कडेला फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसलेले आईबाप. ईशानची मॅच दुपारी होती. सर पाय मोकळे करायला निघाले आणि शेवटच्या मैदानापाशी थबकले.

कुणीतरी ओरडत होतं, "पास दे की लगा. आरं सोड की बॉल."

सरांना वाटलं, कान वाजतायत. ती हाक कोल्हापूरच्या मातीतली. एडिसनच्या मराठी मंडळात पुण्यामुंबईनागपूरचे लोक भेटायचे, पण "लगा" म्हणणारा माणूस त्यांना अमेरिकेत एकही भेटला नव्हता. त्यांनी पाहिलं. ओरडणारा पन्नाशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा, चपट्या नाकाचा माणूस होता. मैदानातली पोरं त्याच्याशी नेपाळीत बोलत होती, आपसात इंग्रजीत, आणि "लगा" म्हटलं की मुकाट्यानं बॉल सोडत होती.

मॅच संपेपर्यंत सर उभे राहिले. मग जवळ जाऊन भूतानात शिकलेल्या, आता गंजलेल्या नेपाळीत त्यांनी विचारलं, "हा शब्द कुठं शिकलास?"

"आमच्या सरांचा शब्द आहे," तो माणूस पाण्याच्या बाटल्या गोळा करत म्हणाला. "काय अर्थ आहे ते मलाही ठाऊक नाही. पण हा शब्द ऐकला की पोरं पळतात."

"कुठले सर?"

तेव्हा त्यानं मान वर केली. बराच वेळ बघत राहिला. हातातल्या बाटल्या खाली गवतावर ठेवल्या, गुडघे टेकले आणि सरांच्या पायांवर डोकं ठेवलं. पोरं अवाक. सरांना तो ओळखू आला तो उठताना, डाव्या पायावर जोर देऊन उठला तेव्हा. त्यांचा डावा विंगर, हर्कबहादूर राई. ते त्याला हर्क्या म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात सर तीनचार वेळा हॅरिसबर्गला गेले. हिमानी कुरकुर न करता न्यायची. हर्कच्या भाड्याच्या घरात त्याची बायको मनमाया भात, डाळ आणि मुळ्याचं लोणचं वाढायची, आणि त्याचे दोन मुलगे आजोबांपुढे बसावं तसे सरांपुढे बसायचे. हर्क एका गोदामात काम करायचा. शनिवारी मात्र तो आसपासच्या वस्तीतली, भूतानहून आलेल्या घरांतली शाळकरी पोरं जमवून मैदानावर न्यायचा.

"सर, ह्यांना वाटतं फुटबॉल टीव्हीतून निघाला," तो एकदा म्हणाला. "ह्यांना सांगा, आपल्याकडे कसा आला ते."

मग सरांनी गवतावर बसून सांगितलं. शाळेला मैदान नव्हतं. दक्षिणेकडच्या डोंगरउतारावरची शाळा ती, सपाट जागा म्हणजे फक्त प्रार्थनेचं अंगण. पावसाळा सरला की पोरं कुदळी घेऊन यायची आणि सरांबरोबर उतार तासायची. असं करत करत मैदान निघालं, पण एक कड उघडीच राहिली. तिकडून बॉल गेला की थेट खालच्या संत्र्यांच्या बागेत, आणि आणायला गेलेलं पोरगं खिसे भरूनच वर यायचं. पोरं अनवाणी खेळायची. तिकडचा घो म्हणजे लांब अंगरखा, तो कमरेला खोचायचा की झाली तयारी. पलीकडच्या खोऱ्यातल्या शाळेत मॅचला जायचं तर पाठीवर तांदूळ आणि पातेली घेऊन अख्खा दिवस चालायचं. आधी दोन शाळा खेळायच्या, मग पाच झाल्या, मग राजधानीकडच्या शाळांनीही बोलावलं. तिकडच्या पोरांच्या पायांत बूट होते. ह्यांनी सपाटून मार खाल्ला, पण संध्याकाळी दोन्हीकडची पोरं एकाच चुलीपाशी जेवली. पुढच्या वर्षी ती पोरं बूट काढून खेळली, आणि हर्क्यानं त्यांच्यावर दोन गोल चढवले.

"आणि मग?" एका पोरानं विचारलं.

मग तिकडचं वारं फिरलं. दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या नेपाळी बोलणाऱ्या लोकांना, तुम्ही इथले कशावरून, असं विचारायला लागले. शाळा बंद झाली. वर्गांमध्ये शिपाई राहायला आले. सरांची नेमणूक संपवून त्यांना कोल्हापूरला धाडलं, आणि मागे काय झालं ते त्यांना इतकी वर्षं धड कळलंच नव्हतं. पुढचं हर्कनं सांगितलं. घरंदारं सोडून लोक भारतातून नेपाळात गेले, नदीकाठी छावण्या पडल्या. तिथं बांबूच्या खोपट्यांत शाळा भरली आणि पहिल्या वर्षीच हर्कनं बांबूचेच गोलपोस्ट रोवले. छावण्यांच्या शाळांच्या टीम झाल्या, दरवर्षी स्पर्धा. कित्येक पोरांचं सगळं शिक्षण त्या छावणीत सुरू झालं आणि तिथंच संपलं. मग अमेरिका म्हणाली, या. जवळजवळ सगळे आले.

"म्हणजे आम्ही भूतानची टीम?" त्याच पोरानं विचारलं.

हर्क म्हणाला, "आपण शनिवारची टीम. चला, उठा."

वर्ष उलटलं. मार्चच्या एका सकाळी मनमायाचा फोन आला. ती रडत नव्हती, पण भराभरा बोलत होती, आणि सरांना तिची नेपाळी समजायला वेळ लागत होता. हर्क नेहमीसारखा हजेरीला गेला होता. दरवर्षी जायचा, सही करून परत यायचा. ह्या खेपेला त्याला आत नेलं आणि मनमायाला बाहेर येऊन सांगितलं की तुम्ही घरी जा.

कसली हजेरी, हे सरांना तेव्हा कळलं. दहाएक वर्षांपूर्वी एका लग्नात दारू पिऊन हर्कची मारामारी झाली होती. समोरच्याचा हात मोडला. कोर्टानं दिलेल्या वकिलानं सांगितलं, गुन्हा कबूल कर, लवकर सुटशील. त्यानं कबूल केला, तुरुंगात काही महिने काढले, सुटला, दारू सोडली. पण त्या कबुलीमुळे त्याला देशाबाहेर काढायचा हुकूम निघाला होता. काढणार कुठं? त्याला घ्यायला कुठलाच देश तयार नव्हता. म्हणून हुकूम तसाच पडून राहिला आणि हर्क दरवर्षी इमिग्रेशनच्या ऑफिसात हजेरी लावत राहिला.

हिमानीच्या ओळखीची राधिका इमिग्रेशनच्या केसेस घ्यायची. तिचा जन्म न्यू जर्सीतलाच. मराठी सगळं समजायचं, बोलताना मात्र अडखळायची. सर तिच्या ऑफिसात इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

"मी कोर्टात येऊन सांगतो," ते म्हणाले. "पोरगा माझ्या शाळेत होता. माझ्या नजरेसमोर वाढला. त्याच्या आजानं लावलेली संत्र्याची बाग मी पाहिलीय. कुणीही विचारू दे."

राधिकानं पेन खाली ठेवलं. "काका, तोच तर प्रॉब्लेम आहे. इतकी वर्षं त्याला पाठवता आलं नाही, कारण तो कुठलाच नव्हता. आता भूतान अशा लोकांना घेतंय असं दिसतंय. तुम्ही म्हणालात की हा तिथलाच, तर समोरचे तुम्हाला थँक यू म्हणतील."

"मग मी सांगत नाही."

"नाही सांगितलं तरी ते पाठवणारच."

"म्हणजे मी बोललो काय, न बोललो काय."

राधिकानं पेन पुन्हा उचललं. "मी अर्ज करते, काका. ट्राय करते. पण होप देऊ शकत नाही."

परत येताना गाडीत हिमानी म्हणाली, "बाबा, एक सांगू? तुमचं ग्रीन कार्ड आहे, अतुलची सिटिझनशिप अजून व्हायचीय. तुम्ही कुठं सह्याबिह्या करू नका. मला बोलायला लाज वाटतेय, पण नका करू."

सर म्हणाले, "नाही करत." तिच्यावर रागावावं असं त्यांना वाटेना.

हर्कचा फोन एकदा आला, कोठडीतून. पलीकडे पुष्कळ माणसांचा गलका होता. तो स्वतःबद्दल काहीच बोलला नाही. "सर, शनिवारी मॅच आहे. गोलीला धाकट्या गुरुंगला ठेवा, तो घाबरत नाही. माझ्या थोरल्याला मध्ये घेऊ नका, तो एकटाच बॉल ओढत बसतो."

"हर्क्या, तुला जेवायला देतात का?"

"देतात. सर, लेफ्टला कुणी नाही आपल्याकडे. बघा कुणी सापडतंय का." आणि लाइन कट झाली.

राधिकाच्या अर्जाचं उत्तर येण्याआधीच त्याला विमानात बसवलं होतं. तिनं सरांना फोन करून सांगितलं. सर तिला म्हणाले, "तू जेवढं करता येईल तेवढं केलंस, पोरी." आणि फोन ठेवल्यावर त्यांना उमगेना, आता करायचं काय. चहा टाकायला गेले, गॅस पेटवला, आणि भांडं हातात घेऊन तसेच उभे राहिले. हिमानीनं येऊन गॅस बंद केला.

त्यानंतर पुष्कळ दिवस काही कळलं नाही. मग नेपाळच्या नंबरावरून फोन आला.

"सर, विमानातून डोंगर दिसले," हर्क सांगत होता. "पस्तीस वर्षांनी. खाली संत्र्यांच्या बागा दिसतात का बघत होतो. तेवढ्या उंचावरून काय दिसणार."

भूतानच्या अधिकाऱ्यांनी त्याला वाईट वागवलं नव्हतं. जेवू घातलं, झोपायला खोली दिली, प्रश्न विचारले. तू कुठला? हर्कनं गावाचं नाव सांगितलं. कुठल्या शाळेत होतास? शाळेचं नाव सांगितलं. "तुमचंही नाव सांगितलं, सर. ते म्हणाले, ह्या नावाची शाळा इथं नाही." दुसऱ्या दिवशी त्याला आणि आणखी दोघांना गाडीत बसवून दक्षिणेच्या वेशीपर्यंत आणलं आणि सांगितलं, जा. ते तिघं भारतातून, वाटेत विचारत विचारत, नेपाळला पोचले. तिथं पोलिसांनी पकडलं, कारण नेपाळात शिरायचीही त्यांना परवानगी नव्हती. आता त्याला त्याच जुन्या छावणीत ठेवलं होतं. बाहेर जायचं नाही. छावणी रिकामी झाली होती, परदेशी न गेलेली म्हातारी माणसं तेवढी उरली होती.

"मला इथं ठेवताही येत नाही म्हणतात आणि धाडताही येत नाही," तो म्हणाला. "सर, मी आता काय करू?"

सरांना आयुष्यात पोरांनी हा प्रश्न हजार वेळा विचारला होता. पाय मुरगळला, सर काय करू. फी भरली नाही, सर काय करू. दरवेळी काही ना काही सुचायचं. आता त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "तब्येत सांभाळ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक प्रयत्न करून पाहिला. शाळेत त्यांच्याबरोबर केझांग नावाचे इतिहासाचे शिक्षक होते, तिकडचेच. दोघं एका चुलीवर जेवलेले. टीम घेऊन डोंगर उतरताना केझांग सर पुढं आणि सरनाईक सर मागं, अशी त्यांची रीत. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्याचं सरांनी कधीतरी ऐकलं होतं. ईशाननं कॉम्प्युटरवर शोधून नंबर काढून दिला. "आजोबा, आय थिंक धिस इज हिज सन्स ऑफिस," तो म्हणाला. तिथून घरचा नंबर मिळाला.

केझांग सरांनी आवाज लगेच ओळखला. किती हसले. शैलजा कशी आहे विचारलं आणि ती गेल्याचं ऐकून हळहळले. तिच्या हातच्या पुरणपोळीची आठवण काढली. त्या मैदानाबद्दल विचारलं तर म्हणाले, तिथं आता झाडी आहे. सरांना वाटलं, माणूस तोच आहे.

"केझांग, तुला हर्कबहादूर आठवतो? आपला लेफ्ट विंगर. त्यानं दोन गोल केले तेव्हा तू त्याला खांद्यावर घेऊन नाचला होतास."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"तू एवढंच सांग की तो आपल्या शाळेत होता," सर म्हणाले. "कुणाला सांगायचं ते तुला ठाऊक. माझं कोण ऐकणार, मी परका. तू सांगितलंस तर..."

"सरनाईक," केझांग सर हळू म्हणाले, "माझा मुलगा नोकरीत आहे. नातवंडं आहेत." मग म्हणाले, "थंडी असेल ना तिकडे? म्हातारपणी छाती सांभाळावी." आणि त्यांनी फोन ठेवला.

सरांना त्यांचा राग आला, मग हिमानी गाडीत काय म्हणाली ते आठवलं, आणि रागही राहिला नाही. आभाळच फाटलंय तिथं कोण कुठं ठिगळ लावणार.

शनिवारच्या टीमचं तरी बघावं म्हणून ते हिमानीला घेऊन हॅरिसबर्गला गेले. हर्कच्या थोरल्यानं सगळ्यांना निरोप धाडले होते. मैदानावर आली तीन पोरं. तो स्वतः, त्याचा भाऊ आणि धाकटा गुरुंग. बाकीच्यांच्या आईबापांनी पोरांना घरातच ठेवलं होतं. चारजण एका जागी जमले की कुणीतरी बघतं, नाव विचारतं, अशी धास्ती वस्तीत पसरली होती. काही घरांत दिवसासुद्धा पडदे ओढलेले होते. सगळ्यांचे कागद ठीक होते, पोरं तर इथंच जन्मलेली, पण कागद ठीक असण्यावर ह्या लोकांचा विश्वास पस्तीस वर्षांपूर्वीच उडाला होता.

सर घरोघर गेले. लोक उठून उभे राहिले, पाया पडले, चहा दिला. "सर, तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही," एक म्हातारा म्हणाला. "पण पोराला नाही पाठवत." त्याच्यामागे दारात पोरगा उभा होता, पायांत मोजे, खेळायचे. सरांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. म्हाताऱ्याला, पाठव, काही होणार नाही, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

तिघांना घेऊन त्यांनी थोडा वेळ पासिंग करून घेतलं. गुडघे साथ देईनात, मग खुर्चीत बसून सांगत राहिले. थोरला बॉल ओढत एकटाच पुढं गेला आणि मोकळ्या गोलपोस्टसमोर पोचून थांबला. मारला नाही. परत आला आणि म्हणाला, "सर, कॅन वी गो होम?"

घरी मनमाया कामावर जायच्या तयारीत होती. हर्क गेल्यापासून ती त्याच गोदामात लागली होती. तिनं सरांना बसवलं, हिमानीला पाणी दिलं, पोरांना आत पाठवलं आणि सरांसमोर जमिनीवर बसली. सर म्हणाले, वर बस. ती बसली नाही.

"सर, मी त्याच्याशी बोलले," ती म्हणाली. "तो म्हणतो, सर सांगतील तसं कर. पोरांना घेऊन मी छावणीत जाऊ? का इथंच राहू?"

सरांनी हिमानीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

जा म्हणावं तर ह्या पोरांनी बांबूच्या खोपट्यात, शाळा नाही की कागद नाही अशा जागी काय करायचं. राहा म्हणावं तर ही माणसं एकमेकांना पुन्हा कधी भेटतील, भेटतील की नाही, कोण सांगणार. सरांनी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. आतल्या खोलीत पोरांनी टीव्ही लावला होता, आवाज बारीक करून. त्यांचंही लक्ष इकडेच होतं.

"मनमाया," शेवटी ते म्हणाले, "मला कळत नाही."

तिनं मान हलवली. तिला राग आल्यासारखं दिसलं नाही. कदाचित तिला आधीच ठाऊक असावं. उठून ती स्वयंपाकघरात गेली आणि वाटेत खायला म्हणून डब्यात भात भरून आणला. मग तिची मैत्रीण गाडी घेऊन आली, तिनं हॉर्न वाजवला, आणि मनमाया गेली.

परतीच्या रस्त्याला लागल्यावर बऱ्याच वेळानं हिमानीनं विचारलं, "बाबा, थोडं खाऊन घेता का?"

"नको," सर म्हणाले. डबा त्यांच्या मांडीवर होता, अजून गरम. त्यांनी दोन्ही हातांनी तो धरून ठेवला होता.